गूळपाणी

आमच्या घरात जंतूंना मज्जाव आहे. दाराशीच हात चोळायच्या औषधाची बाटली असते. पिण्याचं पाणी तीन गाळण्यांतून आणि शेवटी एका निळ्या दिव्याखालून जातं. मेथीची जुडी मिठाच्या पाण्यात बुचकळल्याशिवाय विळीपर्यंत पोचत नाही. लादी पुसायच्या औषधाच्या बाटलीवर तर नव्व्याण्णव पूर्णांक नऊ टक्के जंतू मेल्याचा दाखलाच छापलेला आहे. उरलेल्या शून्य पूर्णांक एक टक्क्याचं काय होतं, ते बाटली सांगत नाही. मी सांगते. ते जिना चढून गच्चीवर येतात आणि मी त्यांना गूळपाणी देते.

गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत माझं निळं पिंप आहे. वैशाखातल्या पुण्याच्या उन्हात तेवढीच काय ती सावली. पिंपावर ओलं गोणपाट, गोणपाटाखाली एक तपकिरी, फेसाळ, आंबूस द्रव आणि त्या द्रवात किती कोटी जीव असतील याचा हिशेब मी ठेवत नाही. शेजारी ग्रो बॅगा आणि दोन जुने बाथटब. त्यांत अजून पिकाचं रोप नाही, बी नाही. मृग लागेपर्यंत लावायचं काहीच नाही. सध्या फक्त माती तयार होते आहे, आणि हे वाक्य खालच्या मजल्यांवर कुणालाही नीट समजावून सांगता येत नाही. "बाग कशी आहे?" असं लोक विचारतात. मी "छान" म्हणते. मग ते बघायला वर येतात आणि पाचोळ्याने भरलेल्या पिशव्यांकडे पाहून कसनुसं हसतात.

नर्सरीतून आणलेली लाल माती दिसायला देखणी असते. ओल्या कपाळावर लावावीशी वाटते. पण कुंडीत भरून चार वेळा पाणी घातलं की ती घट्ट बसते, कडेने सुटते, आणि पाणी मधोमध न मुरता भेगेतून सरळ ताटलीत उतरतं. तिच्यात कण आहेत, रंग आहे, वजन तर भरपूर आहे (ते जिन्यात कळतं), फक्त वस्ती नाही. चांगल्या मातीच्या एका ग्रॅममध्ये कोट्यवधी जिवाणू असतात, शिवाय बुरशीचे तंतू, अमीबा, सूत्रकृमी, कोळ्यापेक्षा बारीक कोळी. ही मंडळी एकमेकांना खातात, मरतात, त्यांच्या अंगातला चिकट द्रव मातीच्या कणांना धरून ठेवतो, आणि मग ती माती भुसभुशीत होते. भुसभुशीतपणा विकत मिळत नाही. तो राहणाऱ्यांनी करायचा असतो.

तर या वस्तीला आधी अन्न हवं. ते मी गावभर फिरून गोळा करते. चौकातल्या रसवंतीवाल्याकडून उसाचं चिपाड आणलं, त्याने पोत्यात भरता भरता मायेने विचारलं, "गाय पाळलीत का ताई?" आमच्या आवारातला गुलमोहराचा आणि अशोकाचा पाचोळा झाडणारे मामा पूर्वी कोपऱ्यात पेटवून द्यायचे, आता माझ्यासाठी पोत्यात बांधून ठेवतात आणि माझ्याकडे बघताना त्यांच्या नजरेत थोडी काळजी असते. नारळाच्या शेंड्या घरच्याच. हे सगळं बारीक करून, भिजवून, मूठमूठ मातीबरोबर थरांत भरायचं. लगेच त्यात रोप लावलं तर मात्र फसगत. ताजं चिपाड हाती लागलं की जिवाणू आधी स्वतःचं पोट भरतात. त्यासाठी मातीतला होता नव्हता तो नत्र उचलतात आणि रोप पिवळं पडून बघत बसतं. त्यांची पंगत उठेपर्यंत थांबावंच लागतं. पिंपातल्या पाण्याचं काम ही पंगत लवकर बसवायचं आणि लवकर उठवायचं.

या पाण्याची महाराष्ट्रातली सर्वांत गाजलेली पाककृती सुभाष पाळेकरांची. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे पाळेकर, २०१६ साली पद्मश्री मिळालेले. त्यांच्या जीवामृताचं प्रमाण शेतकऱ्यांना तोंडपाठ असतं: २०० लिटर पाणी, १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो कडधान्याचं पीठ आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं, दोन दिवसांनी वापरायला काढायचं. हे झालं एकराचं. माझी जमीन सात-बाऱ्यावर येत नाही, पाण्याच्या टाकीपासून डिश अँटेनापर्यंत आहे. म्हणून सगळ्याला दहाने भागलं. गाय देशीच हवी, हा पाळेकरांचा आग्रह. पुण्यात माझा आग्रह एवढाच, की गाय असावी.

शेण ही वस्तू शहरात किती दुर्मीळ झाली आहे, हे मागायला गेल्यावर कळतं. संगणकावर शोधलं तर चकचकीत वेष्टनातल्या, एकसारख्या गोल, पूजेसाठीच्या गोवऱ्या घरपोच येतात. खाली गिऱ्हाइकांनी दिलेले तारे असतात. मला हवं होतं ताजं. शेवटी कालव्यापलीकडे एक गोठा सापडला. गवळ्याने पैसे घेतले नाहीत, पण "कशाला हवंय?" हे तीनदा विचारलं. येताना रिक्षावाल्याने आरशातून माझ्या झाकणबंद डब्याकडे पाहिलं आणि काही न बोलता वेग वाढवला. तेवढ्या लवकर मी त्या रस्त्याने आजवर घरी पोचलेली नाही.

गूळ काळा हवा. पिवळाधमक गूळ गोरा करायला बहुतेकदा हायड्रोस घालतात, आणि ज्यांना वाढवायचं त्यांनाच ते पाजण्यात अर्थ नाही. किराणा दुकानदाराने कोल्हापूरची काळी ढेप काढून दिली आणि म्हणाला, "हा खायचा आहे ना?" मी म्हटलं, "हो, खायचाच." कुणी खायचा, ते त्याने विचारलं नाही.

बांधावरच्या मातीच्या जागी मी वडाखालची घेते. रस्त्याकडेला एक जुना वड आहे. गेल्या वटपौर्णिमेचे सुताचे फेरे अजून त्याच्या बुंध्याला आहेत. सकाळी जुना डाव आणि वर्तमानपत्राचा कागद घेऊन मी त्याच्या मुळाशी बसले. वरची कोरडी पानं बाजूला केली, त्याखाली काळी पडलेली, एकमेकांना चिकटलेली पानं, आणि ती सोडवताना त्यांच्यामध्ये पांढरे तंतू दिसले, केसाहून बारीक, फांद्या फुटत गेलेले. बुरशी. घरात भाकरीवर दिसली असती तर टोपलं घासून उन्हात टाकलं असतं. इथे मी श्वास रोखून डाव खाली सरकवला. तेवढ्यात मागून एक गृहस्थ म्हणाले, "काही हरवलंय का?" फिरायला निघालेले, पांढरे बूट. मी खरं तेच सांगितलं, "जिवाणू नेतेय थोडे." त्यांनी आधी स्वतःच्या बुटांकडे पाहिलं, मग वडाकडे, मग त्या सुताच्या फेऱ्यांकडे. दुसऱ्या दिवसापासून ते समोरच्या फुटपाथने जातात.

खरी अडचण पिठाची आली. बेसनाचा डबा सासूबाईंच्या अखत्यारीत आहे. दोनशे ग्रॅम बेसन शेणात जाणार, हे ऐकून त्या काही क्षण गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तूप काय देऊ, साजूक की चालेल कुठलंही?" मी समजावलं की आई, गूळ म्हणजे त्यांना ताकद आणि बेसन म्हणजे अंगमास, जिवाणू वाढायला दोन्ही लागतं, दोन दिवसांत वाढतात. त्या वर आल्या, गोणपाट उचलून पिंपात डोकावल्या, वास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, म्हणजे विरजणच की! तुझ्या मेल्या मातीला विरजण लावतेस. मग तसं सांग ना, जिवाणू-बिवाणू काय." एवढं बोलून बेसन दिलं. पण त्यात थोडं जुनं, कीड लागायला आलेलं होतं. "त्यांना काय कळतंय," म्हणाल्या.

सासूबाईंचं माहेर कोरेगावकडचं. त्यांच्या गोठ्यामागे उकिरडा होता आणि पावसाळ्यात उकिरड्यातून काळं पाणी पाझरायचं. त्यांची आई खुरप्याने एक चर ओढून ते पाणी अळवात सोडायची. "अळूची पानं ही एवढी," असं म्हणताना त्या दोन्ही हात पसरतात, आणि दर वेळी हात थोडे जास्त पसरतात. त्या पाण्याला कुणी नाव दिलं नव्हतं, पिंप नव्हतं, प्रमाण नव्हतं. मी याच विषयावर पुस्तकं मागवते, हा त्यांच्या दृष्टीने आमच्या पिढीवरचा शेवटचा शेरा आहे.

पुस्तकांची बाजू घ्यायची तर, हा उद्योग कुणाच्या आईपेक्षाही जुना आहे. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात कुणपजल नावाचा प्रकार आहे. डुकराची विष्ठा, मज्जा, मांस, मेंदू, रक्त पाण्यात कालवून जमिनीत पुरून ठेवायचं आणि झाडांना घालायचं. हजारेक वर्षांपूर्वीच्या या ग्रंथाचं हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होतं. तिथून ते मिळवून १९९६ साली नलिनी साधले यांच्या इंग्रजी भाषांतरासह छापलं गेलं. मी ती कृती सासूबाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "बेसन परवडलं."

आणि कंपोस्ट म्हणून जगभर जे शिकवतात, त्याचा एक मोठा धडा आपल्या होळकरांच्या इंदुरात लिहिला गेला. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज कृषिशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात तिथल्या संस्थेत होते. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली गोठ्यातली माती आणि राख यांचे थर खड्ड्यात घालून, ठरावीक वेळा उलथेपालथे करून तीन महिन्यांत खत करायची रीत त्यांनी बसवली. तिला 'इंदूर पद्धत' म्हणतात. १९३१ साली तिचं पुस्तक निघालं, त्यावर दोन नावं आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. सेंद्रिय शेतीचा इतिहास सांगणारे पहिल्या नावावर थांबतात. खड्ड्यात रोज उतरून तापमान बघणारा माणूस त्या दोघांतला कोण असेल, याबद्दल माझा स्वतःचा एक अंदाज आहे, पण त्याला पुरावा नाही.

जीवामृताचं परदेशी भावंड म्हणजे कंपोस्टचा चहा. मुरलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत कापडात बांधून पाण्यात टांगायचं आणि त्या पाण्यात दिवसभर, दीड दिवस हवा सोडत राहायची. इलेन इंगम या अमेरिकन मृदा-जीवशास्त्रज्ञ बाईंनी याचा खूप प्रसार केला. हवा का, तर आपल्याला हवे असलेले बहुतेक जिवाणू हवेशीर जागेतले. हवा संपली की दुसरीच मंडळी जमतात आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. आमच्याकडे मुलाच्या मत्स्यपेटीचा पंप पडून होता. मासे गेले, पंप राहिला. माझी जुनी मलमलची ओढणी पोटलीसाठी फाडली. नळाचं पाणी आदल्या रात्री उघड्या बादलीत ठेवलं, कारण महापालिकेचं क्लोरीन आमच्या पोटाचं रक्षण करतं ते अशाच जिवांपासून, ज्यांना मी आवतण धाडलं होतं. रात्रभरात ते उडून जातं. यजमानीणबाईंनी पाणी निववून ठेवणं, एवढाच या तयारीचा अर्थ.

पंप रात्री चालू राहिला. बुडबुड, बुडबुड. आमच्या खाली चौथ्या मजल्यावर ज्यांची झोप सावध आहे, त्यांना वाटलं टाकी गळते आहे. पाण्याची टाकी गळणं हे आमच्या सोसायटीत आग लागण्यापेक्षा गंभीर मानलं जातं. अकराच्या सुमाराला प्लंबर, सेक्रेटरी काका आणि टॉर्च अशी वरात गच्चीवर आली. टॉर्चच्या उजेडात त्यांना दिसलं ते असं: एक बादली, तिच्यावर आडवी काठी, काठीला टांगलेली गुलाबी ओढणीची पोटली, आणि खाली काळं पाणी आपोआप उकळतंय. प्लंबर म्हणाला, "साहेब, यात माझं काम नाही," आणि खरोखरच एक पाऊल मागे गेला. त्याला वाटलं ते करणी-भानामतीचं होतं, हे मला दुसऱ्या दिवशी कामवाल्या मावशींकडून कळलं.

या चहाचा उपयोग होतो का, हा प्रश्न सेक्रेटरी काकांनी त्याच रात्री विचारला, आणि तो रास्त आहे. पानांवर फवारला की रोग पळतात, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मोजमाप करून पाहणाऱ्यांचे निकाल मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. कधी फरक पडला, कधी नुसतं पाणी घातल्यासारखं झालं. कंपोस्टबद्दल तसा वाद नाही, ते उपयोगी आहेच. म्हणून माझं मत असं, की मातीत पाचोळा, कंपोस्ट, शेणखत काहीच नसताना वरून नुसता चहा ओतणं म्हणजे घरात दाणा नाही आणि गावाला जेवायचं आवतण. आधी दाणा भरावा, मग पाहुणे बोलवावेत. दुसरी गोष्ट, गूळ किंवा काकवी घातली की आपले आवडते जिवाणूच तेवढे वाढतील, असं बंधन कुणावर नाही. कच्चं खत असेल तर त्यातले पोट बिघडवणारे ई. कोलायही त्याच गुळावर ताव मारतात. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियम मंडळानेही यावर सावध राहायला सांगितलं आहे. म्हणून चहात मी गूळ घालत नाही, जीवामृतात घालते, आणि दोन्ही लागवडीआधी मातीत मुरू देते. कोशिंबिरीच्या पानांवर कधीच नाही. शेणाचं पाणी काकडीवर शिंपडून ती काकडी चावणाऱ्या शूर लोकांबद्दल मला आदर आहे, लांबून.

मातीत मुरल्यावर काय होतं, ते मी वाचलं तेव्हा शाळेतला अमीबा मला पहिल्यांदा आवडला. नववीत त्याची आकृती काढताना आम्ही त्याला वाटेल तसा वेडावाकडा काढायचो, आणि बाईंना तो नेहमी बरोबरच वाटायचा. मातीत तो शिकारी आहे. जिवाणूंच्या अंगात नत्र ठासून भरलेला असतो. अमीबा जिवाणू गिळतो, पण त्याला तेवढ्या नत्राची गरज नसते, म्हणून जास्तीचा नत्र तो अमोनियमच्या रूपात बाहेर टाकतो, आणि शेजारी टपून बसलेलं मूळ तो उचलतं. आपण झाडाचं अन्न म्हणतो ते असं दुसऱ्याच्या जेवणानंतरचं असतं. मूळही फुकट काही घेत नाही. पानांत केलेल्या साखरेतला वाटा ते स्वतःहून मातीत सोडतं, जिवाणूंना आपल्याभोवती जमवून ठेवायला. मुळाभोवतीच्या या दाट वस्तीला हिल्टनर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली पहिल्यांदा वेगळं नाव दिलं. म्हणजे गूळपाणी द्यायची पद्धत झाडांनी आपल्या कितीतरी आधी सुरू केलेली. मी फक्त रोप यायच्या आधी त्याच्या वतीने ओसरीवर बसले आहे.

गांडुळं मी आणली नाहीत. गांडूळखतातून त्यांची अंडी आली असावीत. एकदा चिपाडाचा थर उचलला तर खाली दोघं, गुलाबी, उजेडाने वैतागलेले. डार्विनने गांडुळांवर आख्खं पुस्तक लिहिलं, १८८१ साली, आणि तेही शेवटचं. त्याने कुंडीतली गांडुळं बैठकीत आणून त्यांना शिट्टी ऐकवली, बसून नावाचं भसाड्या आवाजाचं वाद्य ऐकवलं, पियानो ऐकवला, त्यांच्यावर ओरडूनही पाहिलं. त्यांनी ढिम्म लक्ष दिलं नाही. कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजवला तेव्हा मात्र ती झटकन बिळात गेली. ऐकू येत नाही, पण हादरा कळतो. आमच्या दुसऱ्या मजल्यावर पहाटे पेटीचा रियाज चालतो. तो माझ्या गांडुळांना कधी बाधला नाही, याची मी त्या घराला आवर्जून खात्री दिली. त्यांनी ते कौतुक म्हणून घेतलं की कसं, ते समजलं नाही. तिसऱ्या मजल्यावर फरशी फोडायचं काम निघालं त्या आठवड्यात मात्र गांडुळं तळाशी गेली होती. माझीही तळाशी जायची तयारी होती, पण मला तशी सोय नव्हती.

वासाचा प्रश्न वार्षिक सर्वसाधारण सभेत निघाला, आयत्या वेळच्या विषयात. एक सभासद म्हणाले, गच्चीवरून गोठ्याचा वास येतो. दुसऱ्या बाई म्हणाल्या, डासांचं काय? तिसऱ्यांनी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवरचा आपला जुना विषय पुढे रेटून घेतला, जो विषय कुठल्याही चर्चेत बसतो. डासांचं मी मान्य केलं आणि गोणपाटाखाली मच्छरदाणीचा तुकडा बांधायचं कबूल केलं. वासाबद्दल मात्र मी तयारीत गेले होते. पिशवीतून तयार मातीचा एक डबा काढला आणि सभेत फिरवला. महिनाभर मुरलेली, काळसर, थोडी ओलसर. अध्यक्षांनी नाक लांब ठेवूनच वास घेतला, मग थोडं जवळ नेलं. "हा तर पहिल्या पावसाचा आहे," ते म्हणाले.

आहेच तो. पहिल्या पावसाचा आणि निरोगी मातीचा वास म्हणजे जिओस्मिन नावाचा पदार्थ, १९६५ साली ओळखू आलेला. तो तयार करणाऱ्यांत स्ट्रेप्टोमायसिस कुळातले जिवाणू मुख्य. आपल्या नाकाला तो इतक्या नगण्य प्रमाणात कळतो, की बाकी बाबतींत कुचकामी ठरलेलं हे नाक इथे एकदम पारखी होतं. हे जिवाणू वास कुणासाठी सोडतात, याचा एक उलगडा २०२० साली झाला. मातीतले उड्या मारणारे पिटुकले जीव त्या वासावर येतात, जिवाणूंना खातात, आणि अंगाला चिकटलेले बीजाणू पुढे पसरवतात. आपण कविता करतो ते दुसऱ्याच्या जेवणाच्या घंटेवर. याच कुळाने १९४३ साली क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसीन दिलं, हेही मी सभेत सांगितलं. तेव्हा मागून आवाज आला, "म्हणजे जंतूच ना?" आणि सभा परत मूळपदावर आली.

इतिवृत्तात ठराव असा नोंदवला गेला, की सदर द्रव सभासदांनी पाण्याच्या टाकीपासून सुरक्षित अंतरावर ठेवावा, रात्री दहानंतर तो बुडबुडू नये, आणि शिल्लक राहिल्यास आवारातील नारळांस देण्यात यावा. शेवटचं कलम कुणाच्या सुपीक डोक्यातून आलं ते कळलं नाही. त्या नारळांना वर्षानुवर्षं फक्त गाड्या धुतलेलं पाणी मिळालं आहे, त्यामुळे मी आनंदाने सही केली.

ढवळायचं कुठल्या दिशेने, यावरही दोन घराणी आहेत. पाळेकर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सांगतात. श्रीपाद दाभोलकरांच्या परंपरेतले लोक 'अमृतजल' करताना दोन्हीकडे ढवळतात. दाभोलकर कोल्हापूरचे, गणिताचे प्राध्यापक. 'प्रयोग परिवार' नावाने त्यांनी शेतकऱ्यांचं जाळं उभं केलं, तासगावच्या द्राक्ष बागायतदारांपर्यंत पोचलेलं. माणसाने आपल्या चौरस फुटावर किती पिकवावं याचा हिशेब मांडणारा हा माणूस गच्चीवाल्यांचा खरा कुलगुरू. त्यांच्या रीतीत एक गंमत आहे. मातीचा ढीग तयार झाला, की त्यात आधी सहाही रसांची बियाणी मिसळून पेरायची, गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. ती उगवली की २१ दिवसांनी शेंडे छाटायचे, ४२ दिवसांनी पुन्हा, ६३व्या दिवशी मुळाशी कापायची, आणि कापलेलं सगळं त्याच मातीला परत द्यायचं. मी मेथी, मोहरी, राजगिरा, अंबाडी, धने, मूग असं घरातल्या डब्यांतून जमेल ते टाकलं. ते उगवलं तेव्हा ज्यांनी हसून घेतलं होतं ते परत बघायला आले, "वा, झाली की बाग!" म्हणाले, आणि मी कात्रीने ती सगळी कापून टाकली तेव्हा गप्पच झाले. दिशेबद्दल सासूबाईंचा निकाल: "जिवाणूला घड्याळ कळतं का? हवा गेली म्हणजे झालं." मीही सकाळी एका बाजूने, संध्याकाळी दुसऱ्या बाजूने ढवळते. कुठल्याच घराण्याचा शाप नको.

आता माती वाफशावर आली आहे. मूठभर घेऊन आवळली की गोळा होतो, अंगठ्याने टेकलं की फुटतो. बोटांना ओल लागते, पाणी लागत नाही. वरचा पाचोळ्याचा थर बाजूला केला तर खाली दुपारच्या उन्हातही गार असते. पहिल्या टबात काय लावायचं, यावर काल रात्री जेवताना घरात मतदान झालं. सासूबाईंचं मत अळूला, आणि त्यांनी कोरेगावहून कंद आधीच मागवलेले निघाले. माझं मत वांग्याला. मुलाने स्ट्रॉबेरी म्हटलं. पुण्यातल्या पावसाळ्यात स्ट्रॉबेरी, एवढ्यावरून त्याचं भूगोलाचं पुस्तक तपासायला हवं. ह्यांनी गुलाबाला मत दिलं. खायला न येणाऱ्या झाडासाठी आपलं बेसन वापरलं गेलं, हे ध्यानात आल्यावर सासूबाईंनी मतदान रद्द ठरवून कंद भिजत घातले. ह्यांचं म्हणणं, दुसऱ्या टबासाठी फेरमतदान घ्यावं, गुप्त पद्धतीने.